बायकोची सहा वाक्यं

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९२४

आजपासून दैनंदिनी नेमाने ठेवायची. उद्या कोणी माझं चरित्र लिहायला बसलं, तर निदान या दिवसांबद्दल त्याला अंदाजपंचे लिहावं लागू नये.

दोन वर्षं लिहीत होतो ते नाटक काल निकालात काढलं. इंडियानातल्या एका धान्यदुकानदाराचं, तीन अंकी, रंगमंचावर खरी शेगडी आणि तिच्यावर खरी अंडी. आता या न्यूयॉर्कात कुत्रंही विचारणार नाही असल्या नाटकाला. माझा मित्र थॅडियस बर्लिनला तीन आठवडे राहून आलाय. त्यातले दोन तो तापाने हॉटेलात पडून होता, पण उरलेल्या एकात त्याने चार नाटकं पाहिली. जर्मन त्याला येत नाही. तो म्हणतो, त्यामुळेच ती जास्त कळली.

तिथे भिंती वाकड्या असतात. पात्रांना नावं नसतात. जग जसं आहे तसं दाखवायचंच नाही. पिचलेल्या माणसाला ते जसं भासतं तसं दाखवायचं. याला अभिव्यक्तिवाद म्हणतात. बुटांच्या कॅटलॉगचं काम मी ऑक्टोबरात सोडलं, तेव्हापासून मी पुरेसा पिचलेला आहे. तेव्हा उशीर कशाला?

लुएला सहा वाजता कामावरून आली. ती माझी बायको; एका विमा कंपनीत टाइपिस्ट आहे. मी तिला सगळा अभिव्यक्तिवाद समजावला. तिने टोपीही काढली नव्हती, उभ्याउभ्याच ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि ती शंभर पानं, मी तीनदा टाइप केलेली?"

मी म्हटलं, ती वाया गेलेली नाहीत, मी त्यांच्यातून मोकळा झालोय.

"मग बरं," ती म्हणाली आणि बटाटे सोलायला गेली. मोठं काम हाती घेतलं की घरचे लोक असे थंड असायचेच.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

कचेरीचा प्रवेश सुचला. पुरुष (नाव नाही) आकड्यांच्या ढिगाखाली गाडला जातो. कागद शोधत होतो, तर टेबलावर लुएलाने ठेवलेला लाल पुठ्ठ्याचा बदाम सापडला. मागची बाजू कोरी होती. संपूर्ण नेपथ्याचा आराखडा तिच्यावर अगदी बेतशीर बसला.

रविवार, १७ फेब्रुवारी

जेवताना लुएला कंपनीबद्दल काही सांगत होती. हार्टफर्डला कंपनी टाइपिंगचा नवा विभाग काढतेय, चाळीस मुली, आणि मिस्टर प्रूइट (तिचे साहेब) म्हणतायत की त्या सगळ्यांवर मुख्य म्हणून तिने जावं. तिकडे राहायची खोलीही कंपनी देणार. "म्हणजे आपण दोघांनी जायचं, किंवा मग..." असं ती म्हणत होती, तेवढ्यात मला दिसलं की दुसऱ्या प्रवेशात पुरुषाला तोंडच नसावं. कागदाचा मुखवटा, नुसते डोळे. मी पेन्सिल आणायला धावलो. परत आलो तर तिने माझी ताटली झाकून ठेवली होती. समजूतदार आहे.

बुधवार, २० फेब्रुवारी

आज सोनं सापडलं.

नाटकात एक 'बायको' आहे. पुरुषाचा आत्मा आक्रोश करत असतो आणि ही कटकट करत असते. पण तिने बोलावं काय, हेच आठ दिवस सुचत नव्हतं. आज सकाळी लुएला निघण्याच्या घाईत दारातून म्हणाली,

"कॉफी शेगडीवर आहे. कॉलर वरच्या खणात आहे. बर्फवाला येऊन गेला. माझ्या बुटात पाणी जातं. मिस्टर प्रूइट परत विचारत होते. मला सात तारखेच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

सहा वाक्यं. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, आणि ठोका मात्र टाइपरायटरचा. मी तिथल्या तिथे उतरवून घेतली. प्रूइटच्या जागी 'साहेब' केलं आणि सात तारीख काढली, कारण अभिव्यक्तिवादात तारखा नसतात. बायको हीच सहा वाक्यं तिन्ही प्रवेशांत म्हणेल, दर वेळी जास्त वेगाने. दुसरं काहीही बोलणार नाही. लुएला दारात अजून उभी होती. काही हवंय का, म्हणून मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तू लिही."

शनिवार, २३ फेब्रुवारी

थिएटरच्या मंडळींपुढे वाचन झालं. आमचं थिएटर म्हणजे पूर्वीचं बर्फाचं गोदाम. अजून तिथे पावलं गारठतात, पण गल्लीत जे काही नवं घडतं ते इथेच. चालवतात मिसेस झॅक्स. साठीच्या आहेत, दिग्दर्शनही त्याच करतात आणि बोलताना कोणाचा मुलाहिजा ठेवत नाहीत.

वाचन संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "क्लेमेंट, तू कधी कचेरीत काम केलंयस का रे?"

"कॅटलॉगचं काम मी घरूनच करायचो. पण कल्पनेला हजेरीपट लागत नाही."

"तुझी बायको जाते ना कचेरीत? तिला विचारलंस?"

मी सांगितलं की तिच्याकडे फक्त माहिती आहे, दृष्टी माझ्याकडे आहे. त्या म्हणाल्या, "बरं बाबा," आणि नाटक घेतलं. पहिला प्रयोग ७ मार्चला. पुरुषाचं काम डेक्स्टर करणार. त्याचा चेहरा मुळातच रिकामा असल्याने मुखवट्याचा खर्च वाचला. बायकोचं काम इनेझकडे.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

लुएलाने सबंध नाटक दोन संध्याकाळांत टाइप केलं. बायकोच्या वाक्यांपाशी आली तेव्हा यंत्र थांबलं.

"हे असंच ठेवायचं?"

"शब्दशः."

"आणि तो काहीच बोलत नाही? पुरुष?"

"तो कसा बोलेल? त्याचा आत्मा कोंडलेला आहे."

यंत्र पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळाने तिने मान न वळवता सांगितलं की त्यांच्या कचेरीच्या हॉलमध्ये घंटा वाजत नाही, भिंतीवर तांबडा दिवा लागतो, आणि तो लागला की सगळ्याच जणी मान वर न करता कागद बदलतात. मी म्हटलं, घंटाच जास्त परिणामकारक आहे.

सातव्या पानावर एकच चूक सापडली. 'बायको' या शब्दाच्या जागी आधी दुसरंच काही टाइप करून मग वर फुल्या मारल्या होत्या. उजेडाला धरलं तर 'लुएला' असं काहीसं वाचता आलं. दमली असेल.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

कपाळाला हात लावायची पाळी आली. आमचा सुतार गुस हाफनर जातीचा जर्मन, श्टुटगार्टजवळचा, म्हणून मी निर्धास्त होतो. म्हटलं, वाकडेपणा याच्या रक्तातच असेल. आज जाऊन बघतो तर भिंती सरळ, दार सरळ, खिडकी अशी चौकोनी की बँकेत बसवावी.

"गुस, नकाशात भिंत कललेली होती."

"होती ना. तुमची रेघ हलली होती, मी नीट केली," तो अभिमानाने म्हणाला आणि भिंतीला ओळंबा लावून दाखवला.

मी त्याला समजावलं की ती मुद्दाम वाकडी आहे, आणि ही तर त्याच्याच देशाची कला. त्याने पाइप काढला.

"मिस्टर क्लेम, माझ्या देशात मी असली भिंत घातली असती तर वडिलांनी मला घराबाहेर काढलं असतं. नाचता न येणारे लोक अंगणाला वाकडं म्हणतात, ते ऐकलंय. तुम्ही तर अंगणच वाकडं मागताय."

अखेर त्याने सगळं कापून तिरकं केलं, पण तोंड एरंडेल प्याल्यासारखं करून. दाराचं मात्र त्याने बजावून ठेवलंय: तिरक्या चौकटीत दार उघडेल, मिटणार नाही. मी म्हटलं, नाटक चाळीस मिनिटांचं आहे, तेवढं मिटेल.

लुएला घरी नकाशावर बोट ठेवून हार्टफर्ड किती तासांवर आहे ते बघत होती. हिला प्रवासाची हौस कधीपासून लागली, कळत नाही.

सोमवार, ३ मार्च

तालीम बरी झाली. इनेझ सहा वाक्यं अशी म्हणते की शिवणयंत्र चाललंय असं वाटावं. तिसऱ्या प्रवेशात ती "मला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय" म्हणून थांबते, पुरुष कोऱ्या वर्तमानपत्रामागे निश्चल, पाच आकडे शांतता, मग बायको जाते आणि कारखान्याचा ढोल सुरू होतो. ती शांतता माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम लेखन आहे.

त्या शांततेत शिडीवरून गुस म्हणाला, "कसलं उत्तर?"

मी ताल मोडल्याबद्दल रागावलो. "कसलंही असेल. अर्थ महत्त्वाचा नाही, गुस, आवाज महत्त्वाचा."

"तसं नाही. बाई द्यायचंय म्हणतेय, म्हणून विचारलं."

पालथ्या घड्यावर पाणी. त्याला सांगितलं, तालीम चालू असताना तोंड बंद ठेवायचं.

बुधवार, ५ मार्च

इनेझ पळाली. ब्रॉडवेवर कुठल्याशा विनोदी नाटकात मोलकरणीचं काम मिळालं, म्हणून चिठ्ठी ठेवून गेली. परवा प्रयोग, आणि बायको नाही. मी गोदामातल्या एका खोक्यावर डोकं धरून बसलो होतो.

मिसेस झॅक्स म्हणाल्या, "सहाच तर वाक्यं आहेत. कोणाला पाठ आहेत?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरी जाऊन लुएलाला विचारलं. ती बराच वेळ हातातला पेला पुसत राहिली.

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी साडेआठला. तुझं काम पाचला सुटतं ना?"

"पाचलाच सुटतं." मग म्हणाली, "करते. हेही एकदा करून बघते."

किती गुणी आहे. तिला मी दोन तास शिवणयंत्राचा स्वर शिकवला. जमत नाही, पण प्रयत्न करते.

शुक्रवार, ७ मार्च, दुपार

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने निरोप धाडला, बायकोचा फोन आहे. चार वाजले होते आणि गुस नेमका तेव्हाच दाराला खिळे मारत होता. धावत गेलो. लुएला म्हणाली, "क्लेम, पाच वाजायला एक तास आहे." मी म्हटलं, तेच तर, अजून दारही मिटत नाही. ती म्हणाली, "मला तुला एकच विचारायचं होतं." मी म्हटलं, रात्री विचार, आत्ता येताना ती राखाडी शाल तेवढी घेऊन ये, बायकोच्या अंगावर तीच हवी. तिने 'राखाडी शाल' असं एकदा म्हटलं. मग म्हणाली, "आणते."

भूमिकेचं दडपण आलं असावं.

शनिवार, ८ मार्च

क्रमाने लिहितो, नाहीतर मला स्वतःलाच सुधरणार नाही.

पहिला प्रवेश उत्तम. लोक पुढे सरकून बसले. घंटा, आकडे, डेक्स्टरचा रिकामा चेहरा. मग लुएला आली, राखाडी शाल घेऊन, आणि म्हणाली, "कॉफी शेगडीवर आहे." शिवणयंत्रासारखं नव्हे. घरी म्हणते तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन तासांची शिकवणी पाण्यात. तरी पहिल्या खेपेला लोक हसले. दुसऱ्या खेपेला 'माझ्या बुटात पाणी जातं' यावर कोणी हसलं नाही. तिसऱ्या खेपेला वेग तिप्पट व्हायचा होता, आणि ही बाई आणखी सावकाश झाली.

"मला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

डेक्स्टर वर्तमानपत्रामागे. मी विंगेत आकडे मोजत होतो. दोन झाले, तीन झाले, आणि तिसऱ्या रांगेतली एक जाडजूड बाई शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "कसलं उत्तर, गं?"

एकही माणूस हसला नाही. मागून एक पुरुष डेक्स्टरला म्हणाला, "अरे, तो पेपर खाली ठेव की." आणि त्या मूर्खाने ठेवला.

लुएलाने त्या बाईकडे पाहिलं. ट्रॅममध्ये कोणी आपली जागा दिली की पाहतो ना, तसं. मग लिहिल्याप्रमाणे ती दारातून निघून गेली. दार मिटलं नाही. पुढे दहा मिनिटं पुरुषाचा आत्मा आक्रोश करत होता आणि तीनशे माणसं त्या उघड्या दाराकडे बघत होती.

पडदा पडल्यावर मला वाटलं, संपलो. पण टाळ्या थांबेनात. मिसेस झॅक्सनी लुएलाला घट्ट धरलं. एक समीक्षक माझा हात हलवत म्हणाला, "कसलं उत्तर, ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. फार धीटपणा आहे." मी गूढ हसलो. त्याने आज छापलंय: 'नवऱ्याला यंत्र आणि बायकोला माणूस करून या लेखकाने अभिव्यक्तिवाद उलटा टांगला आहे.' तीनदा वाचलं. विचार केल्यावर वाटतं, माझ्या मनात तेच होतं.

तेवढ्यात लक्षात आलं की दुपारी आणखी दोन पत्रकार येणार, आणि ते हेच विचारणार. लुएला आत कपडे घडी करत होती. मी विचारलं, "लुएला, ते उत्तर कसलं होतं गं?"

"हार्टफर्डचं. काल पाच वाजता दिलं. हो म्हटलं."

"पण रात्री तर तू म्हणत होतीस, द्यायचंय."

"ते तू लिहिलंयस, क्लेम."

मी खुर्चीत बसलो. मला वाटतं मी म्हणालो, निदान सांगायचंस तरी. ती हसली. वाईट हसली असती तर बरं झालं असतं, ती साधंच हसली.

"सहातलं एक वाक्य तेच होतं. काल चार वाजता फोनही केला. म्हटलं, शेवटचं एकदा बघावं. जाऊ नकोस म्हणाला असतास तरी चाललं असतं. मीही येतो म्हणाला असतास तरी चाललं असतं."

"मी काय म्हणालो?"

"राखाडी शाल आण म्हणालास."

काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, हे आधी कळलं असतं तर तिसरा प्रवेश वेगळा लिहिला असता. असं का म्हणालो, देव जाणे. ती माझे सदरे एका बाजूला आणि तिचे कपडे दुसऱ्या बाजूला लावत राहिली.

मंगळवार, ११ मार्च

काल लुएला गेली. शनिवारचे दोन्ही खेळ तिने पार पाडले, दोन्ही वेळा कोणी ना कोणी विचारलंच. ग्रँड सेंट्रलला पोचवायला गेलो होतो. मी म्हटलं, नाटक बंद झालं की येतो. ती म्हणाली, "ते इतक्यात बंद होणार नाही, चांगलं चाललंय." टोमणा होता की कौतुक, ते ओळखू आलं नाही. ओझंवाल्याने तिची ट्रंक उचलली तेव्हा ती म्हणाली, "कॉलर वरच्या खणात आहेत." मी खिशातून पेन्सिल काढली नाही, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

घर फार शांत आहे. मी ज्याला कटकट समजत होतो, तिच्यावर माझा दिवस उभा होता.

बुधवार, १९ मार्च

इनेझ गेल्या आठवड्यातच परत आली. तिचं विनोदी नाटक सहा दिवसांत आटोपलं. आता ती लुएलासारखं बोलायचा प्रयत्न करते. मिसेस झॅक्स तिला सांगतात, "अगं, वाक्य म्हणू नकोस, त्याला सांग." लोकांना सगळं आधीच ठाऊक असतं. तिकीट काढून ते विचारायलाच येतात. काल तर चार जण एकदम ओरडले.

लुएलाचं पत्र आलं. खोलीच्या खिडकीतून नदी दिसते. मुली चांगल्या आहेत, तिने दिवाही नको म्हटलं आणि घंटाही, त्या आपल्या आपण कागद बदलतात. नवीन बूट घेतले. शेवटी लिहिलंय, 'तू कसा आहेस?' मी पाच वेळा लिहायला बसलो. प्रत्येक वेळी तिसऱ्या ओळीपर्यंत ते भाषण होतं.

शनिवार, २९ मार्च

गुरुवारी कोणीच विचारलं नाही. सभ्य लोक होते, कुठल्याशा महिला क्लबचे. पाचही आकडे शांतता राहिली, इनेझ गेली, आणि नाटक ओल्या लाकडासारखं विझलं. मिसेस झॅक्सनी काल बैठक घेतली. प्रेक्षकांत आपला एक माणूस बसवायचा, कोणी विचारलं नाही तर त्याने विचारायचं.

आधी गुसला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मी तालमीत विचारलं होतं, तेव्हा मला गप्प केलंत. आता मला उत्तर माहीत आहे, मी कशाला विचारू?"

"मग क्लेमेंट बसेल," मिसेस झॅक्स म्हणाल्या. "त्याला संध्याकाळी दुसरं काय आहे?"

तर मी नवव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसतो. दुसऱ्या कोणी विचारलं तर गप्प राहायचं, असं ठरलंय. आज पहिला आकडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, कोणी बोलेना. मग मी विचारलं. इनेझने बसवल्याप्रमाणे माझ्याकडे पाहिलं आणि ती दारातून निघून गेली. मी गरजेपेक्षा मोठ्याने विचारलं आणि उभा राहायचं कारण नव्हतं, असं मिसेस झॅक्स नंतर म्हणाल्या. सोमवारी बसूनच विचारायचं आहे.